सोळा फुटी की चोवीस फुटी? उजनीच्या पाण्यावर कोणती बोट घ्यावी

प्रश्न : उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव आहे, करमाळा तालुक्यात. वडील मासेमारी करतात. मला पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना फिरवायचा व्यवसाय सुरू करायचा आहे. दोन जुन्या फायबरच्या बोटी बघून ठेवल्यात. एक १६ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, ९.९ एचपीचं इंजिन, किंमत १ लाख ९० हजार. दुसरी २४ फूट लांब, ७ फूट रुंद, ४० एचपीचं इंजिन, किंमत ४ लाख ७५ हजार. विकणारा म्हणतो, लहानीत आठ आणि मोठीत वीस माणसं आरामात बसतात, वर दोन मोटारसायकली पण जातात. थोरला भाऊ सोलापुरात नोकरीला आहे, कर्ज काढून पैसे तोच देणार. त्याचं म्हणणं, एकदाच मोठी घे. पक्ष्यांचा सीझन नसेल तेव्हा पलीकडं इंदापूरच्या काठाला माणसं सोड, आषाढीला पंढरपुरात ने. वडील म्हणतात, लहानी बास झाली. मोठी बोट जास्त सुरक्षित असते हे खरं आहे का? कोणती घेऊ?
— एक वाचक, करमाळा तालुका

नमस्कार भाऊ,

आधी उत्तर देतो, कारणं मग सांगतो. लहानी घ्या. पण ती पक्षी बघणाऱ्या चार पाहुण्यांसाठी आणि वडिलांच्या जाळ्यासाठी. पलीकडच्या काठाला प्रवासी सोडायचं काम तिच्याकडून करून घेऊ नका, आणि त्या कामासाठी ती मोठीही घेऊ नका. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे धंदे एकात एक मिसळलेत. पक्षी दाखवणं हा एक, माणसं पोचवणं हा दुसरा. दोन्हीला पाणी लागतं, एवढंच काय ते सारखं.

आता तुमच्या मूळ शंकेकडं येतो. मोठी जास्त सुरक्षित असते का? बोट म्हणून बघितली तर असते, हे मान्यच करायला हवं. बोट कलायला किती विरोध करते हे लांबीपेक्षा रुंदीवर जास्त ठरतं, आणि तेही साधंसुधं नाही, रुंदीच्या घनाच्या पटीत. साडेपाच आणि सात यांत फरक दीडच फुटाचा दिसतो. पण लांबीही धरून हिशेब केला, तर तेवढंच कलवायला मोठीला जवळपास तिप्पट जोर लावावा लागेल. शिवाय लांब बोट एका वेळी दोन-तीन लहान लाटांवर टेकते, आखूड बोट प्रत्येक लाटेबरोबर वरखाली होते. मोठीचा काठही साधारणपणे पाण्यापासून उंच असतो. तुमच्या भावाला कुणी हे सांगितलं असेल तर खोटं सांगितलेलं नाही.

पण ही सगळी जास्तीची सुरक्षितता त्या विकणाऱ्यानं तुम्हाला बोट विकायच्या आधीच खर्चून टाकली आहे. वीस माणसं, सरासरी ६५ किलोची धरली तरी १३०० किलो झाली. त्यावर दोन मोटारसायकली म्हणजे आणखी अडीचशे किलो. असल्या बोटीचा सांगाडाच सहा-सातशे किलोचा असतो. म्हणजे तुम्ही तिच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त ओझं तिच्यावर चढवणार, आणि तेही उंचावर. मोटारसायकलचं वजन काठाच्या पातळीला येतं, उभ्या माणसाचं त्याच्याही वर. बोट जड झाली की काठ पाण्याकडं येतो, वजन वर गेलं की ती सावकाश सरळ होते. एसटीत ब्रेक लागल्यावर उभी माणसं जशी एका अंगाला जातात, तशी बोटीतली माणसं पावसाची सर आली किंवा कुणी ‘ते बघा’ म्हणालं की एका बाजूला सरकतात. वीस माणसांनी भरलेली चोवीस फुटी बोट ही चार माणसांच्या सोळा फुटीपेक्षा कितीतरी धोक्याची आहे.

किती माणसं बसवावीत याचा एक सोपा ठोकताळा लहान बोटींसाठी वापरतात : फुटांमधली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. तुमची लहानी १६ गुणिले साडेपाच म्हणजे ८८, भागिले १५, पावणेसहाच्या थोडं वर. खाली उतरवून पाच. चालवणारा धरून पाच, म्हणजे पाहुणे चारच. मोठीचं उत्तर अकरा येतं. हा ठोकताळा खरा तर वीस फुटांखालच्या बोटींचा, त्यामुळं अकराला कमाल समजा. आणि तोसुद्धा चांगल्या हवेचा आकडा आहे. विकणाऱ्याचे आठ आणि वीस यांच्याशी हे ताडून बघा. माणसं मावणं वेगळं आणि बोटीनं ती झेलणं वेगळं.

मी हे एवढं ताणून का सांगतोय ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असणार. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून पलीकडं कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. एक जण पोहत काठाला लागला. तुमच्याच तालुक्यातलं पाणी ते. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस येतो तो बहुतेक दुपारनंतर, आणि आधी वारा येतो. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांब पळतो तितकी लाट मोठी होते, आणि उजनीचा फुगवटा काही मैल नुसता उघडा आहे. मध्ये ना डोंगर, ना झाडी. काठावर उभं राहून जी लाट फूटभर दिसते, ती मधल्या पाण्यात तेवढीच राहत नाही. जून लागला की धोका संपला असंही नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पावसाचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो, आणि तोही बऱ्याचदा विजांसकट.

प्रवासी पोचवणाऱ्याची खरी अडचण इथंच आहे. पलीकडं दवाखान्यात, लग्नाला, बाजाराला निघालेला माणूस संध्याकाळी साडेपाचला आला, आभाळ भरलेलं आहे, आणि तो म्हणतो, ‘एवढी फेरी मारा की राव.’ त्याला नाही म्हणणं जड जातं. ओळखीचा असतो, कधी नात्यातला असतो. रस्त्यानं वळसा घालून जायचं म्हणजे त्याचा दिवस मोडतो. पक्षी बघणाऱ्यांचं तसं नाही. त्यांना उजेड कोवळा असताना, सूर्य वर यायच्या आतच पाण्यात उतरायचं असतं, आणि नऊ-दहा वाजले की ते परत काठावर. त्यांची वेळ आणि शांत पाण्याची वेळ एकच. हा धंदा तुमच्या जिवाच्या बाजूचा आहे, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे.

त्यात आणखी एक गोष्ट तुमच्या भावाला नक्की सांगा. कुगाव ते पलीकडच्या काठावरचं शिरसोडी असा पूल मंजूर झालेला आहे. ज्या दिवशी त्यावरून मोटारसायकल जाईल त्या दिवसापासून तुमच्या बोटीत मोटारसायकल कशाला चढेल? कर्जाचे हप्ते मात्र ठरलेल्या मुदतीपर्यंत चालूच राहणार. पूल कधीही होवो, मोटारसायकलींच्या फेऱ्यांवर बेतून पावणेपाच लाख गुंतवणं मला पटत नाही. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पुलावरून जाणार नाहीत.

आता पाण्याचं बोलू, कारण तुमच्या वडिलांचं मत मला तिथून आलेलं वाटतं. उजनी एकूण सुमारे ११७ टीएमसीचं (अब्ज घनफूट) धरण. त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा आणि ५३ च्या आसपास उपयुक्त. धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात जातं तेव्हा पाणी संपलेलं नसतं, पण काठ कुठल्या कुठं गेलेला असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. अशा वेळी ऑक्टोबरात घराच्या मागं बांधलेली बोट मे महिन्यात गाळपेऱ्याच्या पलीकडं, लांब चिखलात असते. सोळा फुटी बोट दीडशे-दोनशे किलोची. इंजिन काढून बाजूला ठेवलं, ते चाळीस-पंचेचाळीस किलोचं, तर पाच-सहा जण मिळून ती ओढून नेतील. चोवीस फुटीला ट्रॅक्टर लागतो, आणि गाळात ट्रॅक्टरच रुतला की दुसरा ट्रॅक्टर. दर पंधरा दिवसांनी पाणी मागं सरकताना हे करावं लागलं तर वर्षाला काय खर्च येईल, तो वडिलांबरोबर बसून लिहून काढा. कर्जाच्या व्याजापेक्षा तो आकडा भावाला लवकर पटेल.

पाणी उतरलं की खाली लपलेलं वर येतं. जुन्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे. धरण १९८० साली पुरं झालं, पण पाण्याखालची वस्ती अजून आहे तिथंच आहे. त्यावर काठाकाठानं शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप, केबल. आणि कोळ्यांची जाळी, ती तर तुमच्याच घरची. बोट जेवढी खोल बसेल आणि पंखा जेवढा खाली असेल तेवढं हे सगळं जवळ येतं. लहानीचं इंजिन एक माणूस उचलून वर कलवू शकतो आणि बांबूनं बोट रेटू शकतो. मोठीचं इंजिन चार-स्ट्रोक असेल तर एकटं शंभर किलोच्या आसपास जातं.

आणि पक्षी उथळातच असतात! रोहित गुडघाभर पाण्यात, चिखल चाळत उभा असतो. पट्टकदंब आणि चक्रवाक काठाच्या हिरवळीला येतात. तिथं चोवीस फुटी बोट पोचणारच नाही, आणि पोचली तरी तिच्या आवाजानं थवा उठेल. पलीकडं भिगवण, कुंभारगावकडं जे लोक वर्षानुवर्षं हे काम करतात, ते चार-सहा जणांच्या होडीतूनच पाहुणे नेतात आणि थव्याजवळ गेले की इंजिन बंद करून बांबूवर येतात. पुण्याचा पाहुणा कॅमेरा घेऊन येतो तो याच्यासाठी. वीस जणांच्या गर्दीत त्याला फोटो मिळत नाही, आणि एकदा नाराज होऊन गेलेला पाहुणा दुसऱ्या चार जणांना तुमचं नाव सांगत नाही. दोन कुटुंबं एकदम आली तर दोन फेऱ्या करा, सकाळ तेवढी मोठी असते. करमाळ्याच्या बाजूला लोक कमी येतात कारण त्यांना भिगवणच माहीत आहे. जेऊर स्टेशनवर उतरणाऱ्याला घ्यायला जायची सोय केलीत तर तो फरक बोटीच्या आकारापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

वेगाचं थोडक्यात सांगतो. पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीला तिच्या लांबीनुसार वेगाची एक हद्द असते. सोळा फुटीला ती ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, चोवीस फुटीला बाराच्या आसपास. त्यापुढं जायचं तर बोट पाण्यावर उचलून घसरत न्यावी लागते, आणि वीस माणसं भरलेली बोट ४० एचपीनं उचलली जात नाही. इंजिन नुसतं ओरडेल आणि मागची बाजू खाली बसेल. पेट्रोल मात्र पूर्ण दाबल्यावर ताशी पंधरा लिटरच्या घरात जाईल. ९.९ एचपी पूर्ण दाबूनही चार लिटरच्या आसपास पितं, आणि पक्ष्यांच्या मागं पूर्ण दाबायचं काहीच काम नाही. लिटरला शंभरच्या वर भाव असताना हा फरक रोजच्या रोज तुमच्या खिशातून जाणार.

पंढरपूरचा विचार सोडून द्या. चंद्रभागेत होड्या चालवणं हा तिथल्या कोळी बांधवांचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा आहे. वरून पाणी सोडलं की नदीत होड्या बंद होतात, आणि आषाढी नेमकी पावसाळ्यात. बोट तिकडं न्यायचं ट्रकचं भाडं अंगावर पडेल.

भावाला मात्र डावलू नका. त्याची काळजी खरी आहे. मार्चनंतर पाहुणे कमी होतात, मग घर कशावर चालणार? त्याचं उत्तर बोट लांब करण्यात मिळणार नाही. लहानी वडिलांच्या जाळ्यासाठी वर्षभर चालेल, हे त्याला दाखवा. आणि दोन्ही बोटींत जो पावणेतीन लाखांहून जास्त फरक आहे, त्यातले पन्नास-साठ हजार बाजूला काढून बोट धड करा, बाकीचं कर्ज काढूच नका.

विकत घ्यायच्या आधी बोट नीट तपासा. बूड वर करून नाण्यानं ठोकत चला. खणखणीत आवाज येत असताना मध्येच बद्द आवाज आला तर तिथं थर सुटलेत किंवा आत पाणी मुरलंय. मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, ती सगळ्यात आधी कुजते. फायबरच्या आत प्लायवूड असतं, स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरतं आणि बाहेरून काही कळत नाही. इंजिन खाली-वर दाबून बघा, फळी लवली किंवा कोळी किड्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. इंजिन चालू केल्यावर बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार जोरात पडायला हवी. उजनीच्या गाळात पाणी खेचणारा रबरी पंखा लवकर झिजतो आणि मग इंजिन तापून बसतं. खालच्या गिअरचं ऑईल थोडं काढून बघा, दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर सील गेलंय.

मग तिला कंबरभर पाण्यात न्या आणि दोन गोष्टी करा. पहिली, माणसांऐवजी वाळूची पोती भरा, पाच माणसांचं म्हणजे सव्वातीनशे किलो, आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते सगळ्यात खालच्या जागी मोजा. ती जागा बहुधा मागची फळीच निघेल. तिथं फुटापेक्षा कमी भरलं तर पाच माणसांचा आकडा चार करा. दुसरी, पोती आणि इंजिन काढून बोट मुद्दाम पाण्यानं भरा. फायबर पाण्यापेक्षा जड असतं. बाकांखाली बंद कप्पे किंवा फोम नसेल तर भरलेली बोट सरळ तळाला जाते. फोम असेल तर ती काठापर्यंत बुडून तरंगत राहते आणि माणसाला धरायला जागा उरते. विकणारा या चाचणीला नाही म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं. फोम नसेल आणि बाकी बोट चांगली असेल, तर पहिला खर्च बाकांखाली फोम बसवण्याचा करा.

प्रत्येक माणसाला जॅकेट, अंगात घातलेलं आणि बंद लावलेले. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट वाऱ्यात कुणाला सापडत नाही. मुलांसाठी मुलांच्या मापाचं वेगळं, कारण मोठं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. मान वर धरणारी कॉलर असलेलंच घ्या. चालवणाऱ्यानं इंजिनची लाल दोरी मनगटाला बांधलेली असावी, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद होतं. पंख्याची पिन दोन-चार जादा, दोन वल्ही, एक बांबू, पाणी उपसायला डबा. आणि तुमचा स्वतःचा नियम आधीच भिंतीवर लिहून टाका : उन्हाळ्यात अकरानंतर पाहुणा नाही, आभाळात गडगडलं की फेरी नाही, पाचवा पाहुणा नाही. पाहुण्याला नाही म्हणताना त्या पाटीकडं बोट दाखवता येतं.

कागदांचं काम टाळू नका. इंजिनवर चालणाऱ्या आणि प्रवासी नेणाऱ्या बोटींना अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ लागू होतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन हा आला. त्यात बोटीची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता या सगळ्या गोष्टी येतात. आपल्या राज्यात तपासणी आणि नोंदणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. किती माणसं बसवायची हा आकडा तपासणीनंतरच्या कागदावर येतो, आणि तो माझ्या ठोकताळ्यापेक्षा कमी आला तर तोच धरायचा. जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यामुळं तिथं पाहुणे फिरवायची परवानगी त्यांच्याकडून वेगळी घ्यावी लागेल. वडिलांची मासेमारीची परवानगी या कामाला चालणार नाही.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका, नोंदणीचा विचारा. कागद त्याच्या नावावर आहेत का, शेवटची तपासणी कधी झाली, इंजिनचा नंबर कागदाशी जुळतो का. हे जुळलं आणि पाण्यातली चाचणी झाली तर दहा हजार इसार द्या, स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या की तपासणीत बोट नापास झाली तर इसार परत. बाकीचे १ लाख ८० हजार नोंदणी तुमच्या नावावर होईपर्यंत भावाच्याच खात्यात राहू द्या.